न्यूयॉर्कचा तरुण महापौर : जॉन पुरॉय मिचेल

सार्वजनिक जीवनात प्रामाणिक माणसे का हरतात, हा प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर आपण पुष्कळदा घाईने देऊन टाकतो. लोक कृतघ्न असतात, दुर्जन संघटित असतात आणि सज्जनाला कोणी वाली नसतो, असे आपण म्हणतो. या उत्तरात तथ्य आहे. पण ते पुरेसे नाही. काही सज्जनांच्या पराभवात त्यांचा स्वतःचाही वाटा असतो आणि त्यांच्या विरोधकांच्या विजयात काही न्याय्य गाऱ्हाणीही दडलेली असतात. १९१४ ते १९१७ या काळात न्यूयॉर्कचे महापौर असलेले वकील जॉन पुरॉय मिचेल यांचे अल्प आयुष्य या दृष्टीने मननीय आहे. ते कॅथलिक होते आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत कडवट संघर्ष त्यांच्याच ख्रिस्तसभेच्या संस्थांशी झाला, त्यामुळे आपल्यासारख्यांना तर ते अधिकच जवळचे वाटावे.

मिचेल यांचा जन्म १९ जुलै १८७९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील फोर्डहॅम येथे झाला. त्यांचे आजोबा, त्यांचेही नाव जॉन मिचेल, हे आयरिश स्वातंत्र्यलढ्यातील एक धगधगते नाव. १८४८ साली इंग्रज सरकारने त्यांना चौदा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा देऊन प्रथम बर्म्युडाला व नंतर टास्मानियात पाठवले. तेथून १८५३ साली निसटून ते अमेरिकेत आले. ज्याने स्वतः पारतंत्र्याची चीड बाळगली, त्याच पुरुषाने अमेरिकेतील यादवी युद्धात गुलामगिरीचे समर्थन करावे, हे इतिहासातील एक दुःखद कोडे होय. त्यांचे तीन पुत्र दक्षिणेच्या बाजूने लढले. दोघे कामी आले आणि तिसऱ्याने, जेम्स यांनी, एक हात गमावला. हे जेम्स पुढे न्यूयॉर्क शहराच्या अग्निशमन खात्यात आगीच्या कारणांचा तपास करणारे अधिकारी झाले. तेच आपल्या चरित्रनायकाचे वडील.

मिचेल घराणे प्रॉटेस्टंट होते. कॅथलिक श्रद्धा आली ती आईकडून. मेरी पुरॉय यांचे कुटुंब मूळचे स्पॅनिश वंशाचे, व्हेनेझुएलातून आलेले. मुलाचे प्राथमिक संस्कार फोर्डहॅमच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या विद्यालयात झाले. पुढे १८९९ साली कोलंबिया महाविद्यालयाची पदवी आणि १९०१ साली न्यूयॉर्क लॉ स्कूलची कायद्याची पदवी घेऊन मिचेल वकिली करू लागले.

त्या काळचे न्यूयॉर्क समजून घेतल्यावाचून पुढची कथा उमगणार नाही. १८९८ साली पाच विभाग एकत्र करून हे महानगर निर्माण झाले होते. १९१० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ४७ लाखांच्या वर होती आणि दर पाच रहिवाशांपैकी दोघांचा जन्म परदेशात झालेला होता. आयरिश, इटालियन, जर्मन, पूर्व युरोपातील यहुदी अशी ही सरमिसळ. तिच्या राजकारणावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमनी हॉल या संघटनेची पकड होती. टॅमनीचे पुढारी बहुतांशी आयरिश कॅथलिक. हिवाळ्यात कोळसा पुरवणे, बेकार पोराला महापालिकेत चिकटवणे, नाताळात कोंबडी पाठवणे, मयताला जातीने हजर राहणे, ही त्यांची रीत. बदल्यात मत घ्यावयाचे आणि मताच्या जोरावर कंत्राटे, नेमणुका व दलाली यांतून गबर व्हावयाचे. गरिबाला लुबाडणारी आणि गरिबाचे दार ठोठावणारी संघटना एकच होती, ही या व्यवस्थेची खरी गुंतागुंत.

१९०६ च्या अखेरीस महापालिकेच्या विधी सल्लागारांनी मॅनहॅटन विभागाचे अध्यक्ष जॉन अहर्न यांच्या कारभाराची चौकशी सत्तावीस वर्षांच्या मिचेल यांच्यावर सोपवली. तरुण वकील फारसे काही उकरून काढणार नाही, असा कित्येकांचा होरा असावा. तो साफ चुकला. मिचेल यांनी रस्ते, डांबर, सामानाची खरेदी, मजुरांचे पट या साऱ्यांचे कागद तपासले आणि गैरकारभार चव्हाट्यावर आणला. गव्हर्नर चार्ल्स एव्हान्स ह्यूज यांनी अहर्न यांना पदच्युत केले. १९०९ साली ब्राँक्सचे अध्यक्ष लुई हॅफन यांच्यावरही तीच पाळी आली. दरम्यान १९०७ साली मिचेल हिशेब तपासणीचे आयुक्त झाले होते. १९०९ च्या निवडणुकीत ते नगरसेवकांच्या सभेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. ऑगस्ट १९१० मध्ये महापौर विल्यम गेनॉर यांच्यावर गोळी झाडण्यात आली तेव्हा काही आठवडे शहराची सूत्रे मिचेल यांच्याच हाती होती. १९१३ साली राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्यांना न्यूयॉर्क बंदराच्या जकात खात्याचे प्रमुख नेमले.

त्याच वर्षी टॅमनीने आपल्याच पक्षाचे, पण आपल्याला न जुमानणारे गव्हर्नर विल्यम सल्झर यांच्यावर महाभियोग चालवून त्यांना पदावरून हटवले. या अरेरावीने मतदार संतापले. नोव्हेंबर १९१३ मध्ये टॅमनीविरोधी संयुक्त आघाडीचे उमेदवार म्हणून मिचेल एक लाखाहून अधिक मताधिक्याने महापौर झाले. वय अवघे चौतीस. वृत्तपत्रांनी त्यांना 'बॉय मेयर' असे लाडके नाव दिले.

कारभाराची सुरुवातच खडतर झाली. १९१४ चा तो हिवाळा बेकारीचा होता. मार्च महिन्यात बेकारांचा एक जमाव रात्रीच्या आसऱ्यासाठी सेंट अल्फॉन्सस या कॅथलिक चर्चमध्ये शिरला. त्यांचा म्होरक्या फ्रँक टॅननबॉम हा तरुण यहुदी मजूर. पोलिसांनी त्याच्यासह दीडशेहून अधिक जणांना अटक केली आणि टॅननबॉमला एका वर्षाची कैद झाली. (हाच टॅननबॉम पुढे कोलंबिया विद्यापीठात लॅटिन अमेरिकेच्या इतिहासाचा नामवंत प्राध्यापक झाला.) मिचेल यांनी पोलीस आयुक्त म्हणून आर्थर वुड्स यांची नेमणूक केली आणि वुड्स यांनी सभांवर लाठी चालवण्याऐवजी त्या शांततेने होऊ देण्याचे धोरण अवलंबिले. एप्रिलमध्ये नगरभवनाजवळ एका वृद्धाने खुद्द मिचेल यांच्यावर पिस्तूल झाडले. गोळी त्यांना न लागता शेजारी बसलेले विधी सल्लागार फ्रँक पोक यांच्या जबड्याला लागली. सुदैवाने पोक वाचले.

मिचेल यांची प्रशासकीय कामगिरी निःसंशय मोठी आहे. त्यांनी खात्यांचे प्रमुख निवडले ते पक्ष न पाहता, त्या त्या विषयातील जाणकार म्हणून. तुरुंग खात्याच्या प्रमुखपदी कॅथरीन बेमेंट डेव्हिस या विदुषीची नेमणूक झाली. न्यूयॉर्क महापालिकेच्या खात्याची प्रमुख झालेली ती पहिली स्त्री. १९१६ साली शहराने इमारतींची उंची, आकार व वापर यांवर विभागवार मर्यादा घालणारा कायदा केला. संपूर्ण शहराला लागू होणारा असा हा अमेरिकेतील पहिलाच सर्वंकष कायदा होय. १९१५ साली बांधून झालेल्या अडतीस मजली इक्विटेबल इमारतीने आसपासच्या गल्ल्यांतला सूर्यप्रकाश हिरावून घेतला, तेव्हा या कायद्याची निकड सर्वांना पटली. पुढे न्यूयॉर्कचे उत्तुंग मनोरे पायरी-पायरीने निमुळते होत गेले, ते या कायद्यामुळे.

परंतु या काटेकोर कारभाराला एक दुसरी बाजू होती. १९१४ साली महायुद्ध भडकले, तेव्हा शहराचे सुमारे आठ कोटी डॉलरचे कर्ज युरोपात फेडावयाचे होते. मॉर्गन यांच्या पेढीच्या पुढाकाराने बँकांनी दहा कोटी डॉलर उभे केले, पण अट घातली, की उत्पन्न न देणारी कामे यापुढे कर्ज काढून करू नयेत, कराच्या पैशातून करावीत. हिशेबाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. मात्र शाळेची इमारत उत्पन्न देत नाही. नव्या शाळा बांधण्यास पैसा अपुरा पडू लागला आणि मुले तर वाढतच होती. मिचेल यांनी इंडियाना राज्यातील गॅरी शहराची योजना स्वीकारली. अर्धी मुले वर्गात असताना उरलेली अर्धी कार्यशाळेत, मैदानावर वा सभागृहात असावीत, म्हणजे त्याच इमारतीत दुप्पट मुले सामावतील, अशी ती कल्पना. शिक्षणदृष्ट्या तिच्यात गुण होते. पण पूर्व युरोपातून आलेल्या यहुदी आईबापांनी ओळखले, की आपल्या मुलांना वकील-डॉक्टर करण्याऐवजी कारखान्यासाठी तयार केले जात आहे, आणि तेही काटकसरीसाठी. ऑक्टोबर १९१७ मध्ये शाळकरी मुलेच रस्त्यावर उतरली आणि शाळांच्या काचा फुटल्या.

१९१६ च्या उन्हाळ्यात शहरात पोलिओची भीषण साथ आली. सुमारे नऊ हजार मुले आजारी पडली, दोन हजार चारशेच्या आसपास दगावली. ज्या घरात आजारी मुलासाठी वेगळी खोली आणि स्वतंत्र शौचालय नसेल, तेथील मूल रुग्णालयात नेले जाई. नियम आरोग्यशास्त्राला धरून होता. परंतु तो लागू पडला तो चाळवजा इमारतींतील गरिबांनाच. आपले लेकरू कुशीतून ओढून नेणारा अधिकारी कितीही सुशिक्षित असला, तरी त्या मातेने त्याला दुवा द्यावा अशी अपेक्षा कशी करावयाची?

आता त्या मुख्य संघर्षाकडे वळू. १८७५ च्या कायद्याप्रमाणे न्यूयॉर्क राज्यात निराधार मुलांना दरिद्री प्रौढांच्या आश्रमातून काढून, शक्यतो त्यांच्या आईवडिलांच्या धर्माच्या संस्थेत ठेवावे लागे. शहर अशा संस्थांना प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम देई. कॅथलिक संस्थांतील मुलांची संख्या फार मोठी होती. या व्यवस्थेमागे एक वेदना होती. १८५४ पासून काही प्रॉटेस्टंट समाजसेवकांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील हजारो मुले आगगाडीत बसवून पश्चिमेकडील शेतकरी कुटुंबांत पाठवली. त्यांपैकी कित्येक आयरिश कॅथलिकांची होती. ती प्रॉटेस्टंट घरांत वाढली आणि आपल्या श्रद्धेला पारखी झाली. म्हणून धर्मभगिनींनी आणि धर्मबंधूंनी पै-पै जमवून अनाथाश्रम उभारले. १८६९ साली दया संघाच्या धर्मभगिनींनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी सुरू केलेले न्यूयॉर्क फाउंडलिंग असायलम हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. या संस्था म्हणजे त्या गरीब समाजाच्या दृष्टीने आपली मुले राखण्याचे गड होते.

मिचेल यांचे धर्मादाय खात्याचे आयुक्त जॉन किंग्जबरी यांनी या खासगी संस्थांची तपासणी आरंभली. पक्षपाताचा आरोप येऊ नये म्हणून तपासनीसांत एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट व एक यहुदी घेतला. कॅथलिक होते ते ब्रदर बार्नाबस, स्वतः मुलांची संस्था चालवणारे धर्मबंधू. अहवाल कठोर निघाला. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही पंथांच्या अनेक संस्थांत अस्वच्छता, उवा, अपुरे शिक्षण, मुलांकडून करून घेतलेली कष्टाची कामे आढळली. राज्याच्या ज्या मंडळाने या संस्थांवर देखरेख ठेवायची, त्याने त्यांना प्रमाणपत्रे दिलेली होती. गव्हर्नरांनी चार्ल्स स्ट्राँग या वकिलांना चौकशी आयुक्त नेमले आणि १९१६ साली जाहीर सुनावणी झाली. एका आश्रमातील मुलांचे आणि डुकरांचे अन्न यांची तुलना वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकली.

कॅथलिक समाज खवळला. ज्या धर्मभगिनींनी आयुष्य वेचले, त्यांची अशी विटंबना! ब्रुकलिनचे धर्मगुरू विल्यम फॅरल यांनी महापौरांविरुद्ध पत्रके लिहिली आणि त्यांच्या लाखो प्रती रविवारी चर्चच्या दारात वाटल्या गेल्या. तेव्हा मिचेल यांनी एक गंभीर पाऊल उचलले. चौकशीत अडथळा आणण्याचा कट चालला आहे अशा समजुतीने पोलिसांकरवी फादर फॅरल व इतर काहींचे दूरध्वनी चोरून ऐकण्यास त्यांनी संमती दिली. मे १९१६ मध्ये विधिमंडळाच्या समितीपुढे त्यांनी त्या संभाषणांचे टिपण उघड केले. स्वतः कॅथलिक असूनही, चर्चच्या नावाने कोणी शासनाच्या कामात आडवे येत असेल तर आपण ते चालू देणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. धर्मगुरूचा दूरध्वनी चोरून ऐकला गेला, ही वार्ता घरोघरी पोहोचली. किंग्जबरी यांच्यावर खटला भरण्यात आला. अखेरीस ते दोषमुक्त ठरले. स्ट्राँग यांच्या अहवालाने मुख्य मुद्द्यांवर महापालिकेच्या आरोपांना दुजोरा दिला. पण तोवर मने फाटली होती.

येथे न्याय कोणाच्या बाजूने होता? माझ्या अल्पमतीप्रमाणे हा प्रश्न दोन भागांत पाहावा लागेल. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या संस्थेने हिशेब आणि मुलांची खरी स्थिती दाखवलीच पाहिजे. या बाबतीत मिचेल बरोबर होते. सेवेचा त्याग कितीही थोर असो, मुलाच्या डोक्यातल्या उवा त्यागाने मरत नाहीत. आपल्या संस्थांवरील टीका म्हणजे श्रद्धेवरील आघात, असे मानण्याची सवय आपणा धर्मगुरूंना लवकर जडते. फादर फॅरल यांच्या पत्रकांतून ती स्पष्ट दिसते. पण सत्य सिद्ध करण्यासाठी मिचेल यांनी निवडलेला मार्ग त्या सत्याला शोभणारा नव्हता. ज्या समाजाची मुले एकदा पळवली गेली होती, त्या समाजाच्या दारात पहिल्यांदा जावयाचे ते विश्वास घेऊन. ते तपासनीस घेऊन गेले, नंतर चोरून ऐकणारे पोलीस. आईच्या कुटुंबाकडून त्यांना कॅथलिक श्रद्धा मिळाली होती, पण त्या श्रद्धेने जगणाऱ्या गरिबांच्या भयाची भाषा त्यांना कधी अवगत झाली नाही.

१९१७ च्या निवडणुकीत हे सर्व हिशेब एकदम पुढे आले. मिचेल यांची ऊठबस श्रीमंतांत, फिफ्थ ॲव्हेन्यूच्या मेजवान्यांत आणि नृत्यगृहांत असते, हा प्रवाद होताच. अमेरिका एप्रिलमध्ये महायुद्धात उतरली होती. १९१५ साली प्लॅट्सबर्गच्या शिबिरात लष्करी शिक्षण घेतलेले मिचेल युद्धाचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी प्रचारात देशनिष्ठेचाच मुद्दा केला आणि विरोधकांना जर्मन सम्राटाच्या पंक्तीला बसवले. जर्मन मतदार दुखावले. डब्लिनमधील १९१६ च्या उठावाच्या नेत्यांना इंग्रजांनी गोळ्या घातल्याला जेमतेम दीड वर्ष झाले होते. इंग्लंडच्या बाजूने बोलणारा हा महापौर त्या थोर आयरिश बंडखोराचा नातू, याचे आयरिश जनांना शल्य वाटले. निकाल लागला तो असा : टॅमनीचे जॉन हायलन ३ लाख १४ हजार, मिचेल १ लाख ५५ हजार, युद्धविरोधी समाजवादी मॉरिस हिलक्विट १ लाख ४५ हजार, रिपब्लिकन विल्यम बेनेट ५६ हजार. चार वर्षांपूर्वी डोक्यावर घेतलेल्या महापौराला चारांतील एकानेही मत दिले नाही.

पदावरून उतरताच मिचेल सैन्याच्या वैमानिक दलात दाखल झाले. मेजर हे पद त्यांना मिळाले, पण त्यांनी उमेदवाराप्रमाणे उड्डाणाचे शिक्षण घेतले. ६ जुलै १९१८ रोजी लुइझियाना राज्यातील गर्स्टनर तळावर एक आसनी विमानातून ते सुमारे पाचशे फुटांवरून खाली कोसळले. विमान नव्हे, ते स्वतः पडले. आसनाचा पट्टा बांधलेला नव्हता. एकोणचाळीसावा वाढदिवस तेरा दिवसांवर आला होता. साऱ्या शहराच्या कारभाराची बारीकसारीक बिले तपासणाऱ्या माणसाचा अंत एका न लावलेल्या पट्ट्याने व्हावा!

११ जुलै रोजी नगरभवनापासून निघालेली अंत्ययात्रा सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये पोहोचली. ज्या धर्मप्रांताशी त्यांचा उभा दावा होता, त्याच धर्मप्रांताच्या प्रधान मंदिरात त्यांच्यासाठी पवित्र मिस्सा अर्पण करण्यात आली. शोक करणाऱ्यांत माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट होते. तीनच दिवसांनी त्यांचा स्वतःचा वैमानिक पुत्र क्वेंटिन फ्रान्सच्या आकाशात मारला गेला. मिचेल यांचे दफन ब्राँक्समधील वुडलॉन दफनभूमीत झाले. लाँग आयलंडवरील विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९२८ साली सेंट्रल पार्कच्या जलाशयाकाठी त्यांचा सोनेरी अर्धपुतळा बसवण्यात आला.

न्यूयॉर्कला पुढे आणखी एक वकील, तोही वैमानिक, तोही टॅमनीचा वैरी, महापौर म्हणून लाभला. १९३४ ते १९४५ अशी बारा वर्षे फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांनी तीन वेळा निवडून येऊन शहर चालवले. प्रामाणिकपणात ते मिचेल यांच्याहून सरस होते असे नाही. पण ते मतदारांशी इटालियनमध्ये व यिडिशमध्ये बोलू शकत आणि वृत्तपत्रांचा संप असताना मुलांसाठी नभोवाणीवरून चित्रकथा वाचून दाखवत. सुधारणेला लोकांची भाषा यावी लागते.

अनाथाश्रमांचे काय झाले, हे सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. १९१९ साली न्यूयॉर्कचे नवे आर्चबिशप पॅट्रिक हेज यांनी पदावर येताच आपल्या धर्मप्रांतातील सर्व सेवासंस्थांची सविस्तर पाहणी करवली आणि १९२० साली त्या साऱ्यांना एका सूत्रात आणणारी कॅथलिक चॅरिटीज ही संघटना स्थापन केली. पुढे ते कार्डिनल झाले आणि 'दानधर्माचे कार्डिनल' म्हणूनच ओळखले गेले. जी तपासणी बाहेरून आली तेव्हा अपमान वाटली होती, ती घरातल्या माणसाने आपुलकीने केली तेव्हा सेवेचा भाग ठरली. मिचेल यांना हे पाहावयास मिळाले नाही. पण आश्रमातील मुलाला आपले ताट कोणामुळे स्वच्छ झाले, याची चौकशी करण्याचे कारण नव्हते. ते स्वच्छ असणे हा त्याचा हक्कच होता.